घाटाखालची संसद

तंबाखूवरचा कर कमी केला तर तस्करी थांबेल का, या प्रश्नावर नववीच्या मुलांची अभिरूप संसद बसवायची असं शाळेत ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. वैभववाडी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शिक्षणसेविका आहे. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते, आणि नोकरीचं हे पहिलंच वर्ष. पुस्तकातली संसद मला पाठ होती. दोन सभागृहं, विधेयकाची वाचनं, शेवटी राष्ट्रपतींची सही. खऱ्या संसदेतली एखादी चर्चा मात्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी ऐकली नव्हती. कराचे प्रकार मी फळ्यावर लिहून द्यायचे. पण एखाद्या पाकिटावर तो नेमका कसा बसतो, किती बसवायचा हे कोण ठरवतं, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं.

तंबाखू मात्र मला चांगली ठाऊक होती. माझं गाव घाटावर, कागल तालुक्यात, निपाणीपासून जवळ. आबा, म्हणजे माझे आजोबा, तंबाखू लावायचे. वाळलेलं पान हाताळताना उठणारा खाट आणि त्याने सगळ्या घराला लागलेला ठसका मला लहानपणापासून आठवतो. तो माल पुढे कुठे जातो, त्याची विडी होते की पुडी, याचा विचार आमच्या घरात कुणी केला नाही. दर मिळाला की वर्ष निघालं.

सुरुवात कुठून करावी हेच कळेना, म्हणून मी डिसेंबर २०२५ची संसदेतली चर्चा ऐकायला घेतली. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ डिसेंबरला लोकसभेत केंद्रीय उत्पादन शुल्क सुधारणा विधेयक मांडलं. ३ तारखेला लोकसभेने ते मंजूर केलं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ते परत पाठवलं. परत पाठवलं म्हणजे अडलं का? तसं नव्हतं. धन विधेयकावर राज्यसभेला फक्त शिफारशी करता येतात आणि चौदा दिवसांत ते लोकसभेकडे धाडावंच लागतं. वर्गात शिकवलेलं हे कलम प्रत्यक्ष चालताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याहून मोठा गोंधळ पुढेच होता. आमच्या मुलांना कर कमी करण्यावर बोलायचं होतं आणि इथे तर उत्पादन शुल्क वाढत होतं. सरकारचं म्हणणं, की हा नवा बोजा नाही. ते समजून घेण्यात माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या. मला कळलं ते असं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हापासून सिगारेटवर २८ टक्के जीएसटी आणि त्याच्या वर भरपाई उपकर होता. करोनाच्या काळात राज्यांना भरपाई देण्यासाठी काढलेलं कर्ज या उपकरातून फेडलं जात होतं. कर्ज फिटलं की उपकर संपणार, आणि उपकर संपला की सिगारेट एकदम स्वस्त होणार. ती होऊ नये म्हणून जुनं उत्पादन शुल्क वर न्यायचं. पूर्वी हे शुल्क हजार कांड्यांमागे २०० ते ७३५ रुपये होतं. विधेयकात ते २,७०० ते ११,००० रुपये झालं. पण ३१ डिसेंबरला अधिसूचना निघाली तिच्यात आकडे होते २,०५० ते ८,५००. मी दोन्ही कागद समोर ठेवून बसले. एकच सरकार, एकच वस्तू, मग आकडे दोन कसे? कायद्यात कमाल दर असतो आणि त्याच्या आत राहून सरकार अधिसूचनेने प्रत्यक्ष दर ठरवतं, हा उलगडा उशिरा झाला. १ फेब्रुवारी २०२६पासून हा दर लागू झाला, आणि जीएसटी झाला ४० टक्के.

वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मुलांनी लगेच भागाकार केले. सगळ्यात वरच्या दराने एका कांडीला साडेआठ रुपये, तेही नुसतं उत्पादन शुल्क. दहाच्या पाकिटाला ८५. मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, आणि विडीला?" विडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला होता. तेंदूपानावरचा १८वरून ५वर. म्हणजे आम्ही ज्या कपातीवर वाद घालणार होतो ती एका बाजूला झालीसुद्धा होती, आणि तिचा तस्करीशी काही संबंध नव्हता. विड्या वळणाऱ्या बायांचा रोजगार हे त्यामागचं कारण. सोलापूर, सिन्नर, निपाणी इथल्या हजारो घरांची चूल विडीवर पेटते. हे उत्तर मी दिलं खरं, पण ती मुलगी खाली बसेना. "विडीने छाती खराब होत नाही का, मॅडम?" होते. सिगारेटइतकीच होते. यावर मला पुढे काही बोलता आलं नाही.

पक्ष वाटून दिले. कर कमी करावा असं मांडणाऱ्या बाजूचा पुढारी झाला एक शांत मुलगा. त्याचे वडील गळीत हंगामात तालुक्यातला ऊस ट्रकमध्ये भरून करूळ घाटाने वर कारखान्याला नेतात. तो म्हणाला, "सिगारेटचं मला माहीत नाही. दारूचं चालेल का?"

न चालायला काय झालं! आमच्या जिल्ह्यात तस्करी म्हटलं की पहिल्यांदा गोव्याची दारूच आठवते. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी पकडली, फोंडा घाटात पकडली, करूळ घाटात पकडली, भाजीच्या क्रेटखाली खोके सापडले, अशा बातम्या मुलं लहानपणापासून वाचतात. गोव्यात कर कमी, महाराष्ट्रात जास्त, मधे एक हद्द. बाटली जितकी घाटावर चढेल तितका तिच्यातला नफा वाढतो. जून २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचार पट केलं. तिजोरीत वर्षाला १४,००० कोटींची भर पडेल, असा अंदाज होता. त्या मुलाने हे स्वतः शोधून आणलं आणि विचारलं, "दर वाढला तेव्हा सरकारला कोटी दिसले. घाटात थांबणाऱ्या गाड्या दिसल्या नाहीत का?"

त्याच्या बाजूने आणखी एक भक्कम उदाहरण होतं, आणि तेही आपल्याच राज्यातलं. नोव्हेंबर २०२१मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉच व्हिस्कीवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं. कारण उघड सांगितलं होतं, की दुसऱ्या राज्यांतून चोरून येणारा माल आणि बनावट दारू याला आळा बसावा. उत्पन्न १०० कोटींवरून २५० कोटींवर जाईल अशी अपेक्षा होती. हे वाचून मी चक्रावले. अर्धा कर घेऊन जास्त पैसे कसे? खप वाढल्याशिवाय हे गणित जुळत नाही. अंदाजातच ते लिहिलेलं होतं, की वर्षाला लाखभर बाटल्या खपतात त्या अडीच लाख होतील. त्यांतल्या काही बाटल्या चोरवाटेवरून दुकानात आलेल्या, आणि काही, स्वस्त झाली म्हणून नव्याने घेतलेल्या. कोणत्या किती, हे त्या आकड्यावरून कसं ओळखायचं? माझ्या डोक्यातला पहिला खरा प्रश्न तिथे तयार झाला.

बाजारपेठेतल्या सोनारकाकांकडे मी गेले ती दुसऱ्याच कामाला, पैंजण जोडून घ्यायला. बोलता बोलता विषय सांगितला तर ते हातातलं काम ठेवून बसले. "कराची नि चोरट्या मालाची गोष्ट सोनाराला विचारा," म्हणाले. त्यांनी मला चौदा कॅरेटचा काळ सांगितला. चीनच्या आक्रमणानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. जानेवारी १९६३पासून १४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिना घडवायलाच बंदी. काकांच्या वडिलांच्या हाताखालचे कारागीर मुंबईला गिरणीत गेले. चौदा कॅरेटची अट १९६६मध्ये गेली, पण १९६८ला सुवर्ण नियंत्रणाचा पुरा कायदा आला आणि सोनाराला परवाना, नोंदवही, तपासणी सुटली नाही. सोनं लोकांनी घ्यायचं थांबवलं नाहीच. ते दुबईहून गलबतांतून पश्चिम किनाऱ्याला उतरत राहिलं.

तो कायदा रद्द झाला १९९०मध्ये, आणि तो रद्द करणारे अर्थमंत्री मधु दंडवते. आमच्या इकडच्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघातून १९७१पासून निवडून जाणारे खासदार. मला दंडवते माहीत होते ते कोकण रेल्वेपुरते. वैभववाडी रोडच्या फलाटावर उभं राहिलं की त्यांचं नाव कुणीतरी काढतंच. सुवर्ण नियंत्रण उठवणारे तेच, हे मला त्या दुकानात कळलं. काकांच्या मते तस्करी लगेच थांबली नाही, कारण बाहेरून सोनं आणायला कायदेशीर वाट नव्हतीच. १९९२मध्ये मनमोहन सिंगांनी परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना ठरावीक शुल्क भरून ५ किलोपर्यंत सोनं आणायची मुभा दिली, तेव्हा चोरवाटेवरचा नफा आटला. पुढे २०१३मध्ये आयात शुल्क १० टक्क्यांवर गेलं, जुलै २०२२मध्ये १५वर, आणि विमानतळांवर पट्ट्यात, चपलेत, पोटात लपवलेलं सोनं सापडायच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात ते ६ टक्क्यांवर आणलं.

हे ऐकून मी पुरती पलटले. साठ वर्षांचा पुरावा समोर होता. शुल्क वर गेलं की चोरी वाढते, खाली आलं की कमी होते. मुलांना हेच सांगायचं असं ठरवून मी दुकानाबाहेर पडले, आणि आठवडाभर माझं मत तेच होतं.

मत ढळलं ते कॅनडामुळे. जगात कुठे कुणी तस्करी थांबवण्यासाठी सिगारेटवरचा कर खरोखर उतरवला का, हे शोधताना कॅनडाचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. नव्वदच्या सुमाराला तिथे सिगारेटवरचा कर खूप चढला होता आणि शेजारी अमेरिकेत सिगारेट बरीच स्वस्त होती. कॅनडातल्याच कारखान्यांचा माल निर्यात म्हणून कर न भरता अमेरिकेत जाई आणि सेंट लॉरेन्स नदीवरून चोरून परत येई. ॲक्वेसास्ने ही मोहॉक लोकांची वसाहत दोन्ही देशांच्या हद्दीवर पसरलेली आहे. बराच माल तिथून उतरे. ८ फेब्रुवारी १९९४ला पंतप्रधान ज्याँ क्रेतिएँ यांनी त्यांच्या संसदेत करकपात जाहीर केली. २०० कांड्यांच्या खोक्यामागे केंद्राचे ५ डॉलर कमी, आणि प्रांताने आपला कर जास्त उतरवला तर केंद्राची कपातही १० डॉलरपर्यंत. क्युबेक आणि ऑन्टॅरिओ या मोठ्या प्रांतांनी कर उतरवला. पश्चिमेकडच्या प्रांतांनी उतरवला नाही.

चोरटा माल कमी झाला, हे खरं. पण जिथे कर उतरला तिथे सरकारचं उत्पन्नही घटलं आणि शाळा-कॉलेजातल्या मुलांमधलं धूम्रपान वाढलं. आणि ज्या प्रांतांनी कर तसाच ठेवला ते काही चोरट्या मालाखाली बुडून गेले नाहीत. पुढची गोष्ट तर मी दोनदा वाचली, खात्री पटेना म्हणून. २००८मध्ये कॅनडातल्या दोन मोठ्या सिगारेट कंपन्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. तस्करीच्या त्या काळात चोरट्या बाजाराला माल मिळावा यात त्यांचाच हात होता. दंड आणि तडजोडीची रक्कम मिळून १ अब्ज डॉलरच्या वर गेली. म्हणजे कर उतरवा, नाहीतर तस्करी आटोक्यात येणार नाही, असं सरकारला सांगणाऱ्या उद्योगातूनच तस्करांना माल जात होता. मला त्या रात्री राग आला. मी नागरिकशास्त्राची शिक्षिका, आणि संसदेसमोर जे सांगितलं जातं ते कुणाच्या सोयीचं आहे, हे तपासायला मी मुलांना कधी शिकवलंच नव्हतं.

आपल्याकडेही उद्योगाच्या संघटना सांगतात, की देशातल्या सिगारेटींपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकायदा आहे. स्वतंत्र अभ्यासकांनी पाकिटं गोळा करून काढलेले आकडे त्याच्या खूपच खाली आहेत. आता दोन्ही आकडे फळ्यावर लिहिताना मी प्रत्येकापुढे तो कुणी काढला हे लिहिते.

फेब्रुवारीचे दर लागू झाल्यावर मी मुलांना घेऊन बाजारातल्या एका जुन्या दुकानदारांकडे गेले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. आम्ही विचारलं, कर वाढल्यावर काय झालं? भाऊ म्हणाले, "कर वाढलो काय नि उतारलो काय, गिऱ्हायकाक एवढाच ठावक, पाकीट केवढ्याक?" मग त्यांनी गल्ल्यामागून एक परदेशी पाकीट काढलं. आखातातून सुटीवर आलेल्या कुणीतरी त्यांना भेट दिलेलं. मुलांनी ते हातात घेऊन फिरवलं. त्यावर आपल्याकडचं चित्र नव्हतं. एप्रिल २०१६पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचं चित्र आणि सूचना असावी लागते. चोरून येणारं पाकीट ओळखायची पहिली खूण हीच. "ह्यां हय खपणा नाय," भाऊ म्हणाले. "हय तंबाखू नि चुनो."

ते एका वाक्यात जे बोलले त्याला आकडा आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ निघाले ३.८ टक्के. तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. आम्ही सगळे सिगारेटीवर भांडत होतो आणि आमच्या वाडीवस्तीतली तंबाखू पुडीत होती, मिश्रीच्या डबीत होती. आणि चोरटी सिगारेट आमच्या घाटाने येतच नाही. ती न्हावाशेवा बंदरात दुसऱ्याच मालाच्या नावाने आलेल्या कंटेनरमध्ये सापडते. आमच्याकडे चोरून येतो तो गुटखा. महाराष्ट्रात त्याच्यावर जुलै २०१२पासून बंदी आहे, म्हणजे कराचा प्रश्नच मिटला, तरी तो शेजारून येतो. कर नसतानाही तस्करी होते, हे माझ्या मुलांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं.

भाऊंच्या दुकानातून निघताना एका मुलाने हळूच सांगितलं, "मॅडम, पाकीट कोण घेतो? कांडी घेतात." सुटी कांडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२०पासून बंदी आहे, आणि शाळेच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३च्या कायद्याने. त्या बंद्या का आहेत ते मला त्या एका वाक्याने समजलं. पोराच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात. एका कांडीचे असतात.

अधिवेशनाच्या आधी आबांना फोन केला. ते आता थकलेत, पण तंबाखूचा विषय निघाला की आवाज खणखणीत होतो. त्यांच्या तरुणपणी कर पाकिटावर नव्हता, पानावर होता. १९४३पासून १९७९पर्यंत पानतंबाखूवर उत्पादन शुल्क होतं. "साहेब वावरात यायचा, पीक बघून अंदाज घ्यायचा, वहीत लिवायचा," आबा म्हणाले. "वहीत न्हाई आलं ते पान रातचं भायेर जायाचं." मी विचारलं, मग कर उतरवणं बरं का, आबा? ते म्हणाले, "तिकडं कर चढूं दे न्हाईतर उतरूं दे, आमच्या पानाला कुनी दर वाढवून दिला? त्यासाठी रस्त्यावर बसावं लागलं." १९८१मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला तेव्हा आबा तिथे होते. शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. करकपातीच्या बाजूने बोलणारे शेतकऱ्याचं नाव पुढे करतात, हे मी डिसेंबरपासून ऐकत होते. शेतकरी स्वतः काय म्हणतो ते हे.

संसद बसली शाळेच्या सभागृहात, बाकं समोरासमोर लावून. अध्यक्षपदी एक मुलगी. ठराव असा: तस्करी रोखण्यासाठी सिगारेटवरील उत्पादन शुल्क कमी करावं, असं या सभागृहाचं मत आहे. ट्रकवाल्याचा मुलगा सोनं, स्कॉच आणि गोवा घेऊन उभा राहिला आणि फार चांगला बोलला. कर किती उतरवायचा, असं त्याला विचारलं तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की चोराचा नफा संपेपर्यंत. समोरून लगेच आवाज आला, "म्हणजे गोव्याएवढा? मग शाळेचे, दवाखान्याचे पैसे कुठून?" कुणीतरी सांगितलं, की दारू गोव्याहून इकडे येते आणि आपले पेशंट बांबोळीच्या हॉस्पिटलात गोव्याला जातात.

मग विरोधी बाजूच्या एका मुलीने ब्रिटनचं उदाहरण दिलं. तिथल्या सरकारने २०००मध्ये कर न उतरवता बंदरांवर कंटेनर तपासायची यंत्रं बसवली, कस्टमची माणसं वाढवली, दंड वाढवले, आणि चोरट्या सिगारेटींचा वाटा पुढच्या वर्षांत बराच खाली आला. त्यानंतर ती कागद बाजूला ठेवून बोलली. "अध्यक्ष महोदया, चोरून आलेल्या सिगारेटमध्ये वाईट काय असतं? ती स्वस्त असते, म्हणून मुलं ती घेतात. कर कमी केला तर सगळ्याच सिगारेटी स्वस्त होतील. मग चोराने जे केलं असतं ते सरकारनेच केलं." सोन्याचं काय, असं समोरून ओरडून विचारलं गेलं. ती म्हणाली, "सोनं स्वस्त झालं तर कुणी आजारी पडत नाही."

सोनारकाकांच्या दुकानातून बाहेर पडल्यापासून मी जे शोधत होते ते त्या चौदा वर्षांच्या मुलीने दोन वाक्यांत सांगितलं. सोन्यावरचं शुल्क परकीय चलनासाठी, तिजोरीसाठी असतं. ते उतरवून चोरी थांबत असेल तर जरूर उतरवावं. तंबाखूवरचा कर तिजोरीसाठी असतो, तसाच तो हात आखडावा म्हणूनही असतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की किमतीच्या किमान ७५ टक्के कर असावा, आणि आपण त्याच्या बरेच खाली आहोत. चोराच्या भीतीने तो आणखी उतरवला तर ज्याच्यासाठी कर बसवला तो मुलगा उघडा पडतो. चोर पकडायचा तर वाट वेगळी आहे. बेकायदा तंबाखू व्यापार रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८मध्ये सामील झाला. प्रत्येक पाकिटाला अशी खूण असावी, की ते कुठे बनलं आणि कुठून कुठे गेलं हे तपासता यावं, असं त्यात आहे. डिसेंबरच्या चर्चेत यावर अधिक बोललं जायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आवाजी मतदानात काही कळेना म्हणून हात मोजावे लागले. ठराव थोड्या मतांनी पडला. ट्रकवाल्याच्या मुलाने स्वतः सुचवलेली एक उपसूचना मात्र एकमताने मंजूर झाली: शंभर यार्डांची रेघ शाळेच्या फाटकापासून प्रत्यक्ष मोजावी आणि नगरपंचायतीला कळवावी. मुलांनी टेप घेऊन ती मोजलीसुद्धा.

आता वर्ग खासदारांना पत्र लिहितो आहे. पाकिटावरची ती खूण कधी येणार हा पहिला प्रश्न. घरी भाजून केलेल्या मिश्रीवर ना कर, ना चित्र, मग तिच्याबद्दल कोण बोलणार, हा दुसरा. तिसरा विडीचा आहे आणि तिथे पत्र अडलं आहे. बहुतेकांना लिहायचंय, की विडीवरचा कर सिगारेटसारखा वाढवा. मागच्या बाकावरच्या एका मुलीची आत्या सोलापुरात विड्या वळते. ती म्हणते, आत्याला आधी दुसरं काम कोण देणार ते लिहा. नाहीतर या पत्रावर माझी सही घेऊ नका.